पंख्याचं बळ तक्त्यात कसं भरावं

सिलतरा, रायपूर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं मॉडेल उघडून पाहिलं. मेश छान केली आहेस. पण पंख्याच्या फाउंडेशनवर ५ किलोन्यूटन एकदा ठेवलेस आणि मोकळा झालास! असमतोलाचं बळ असं बसून राहत नाही रे, ते फिरतं.

आमच्याकडे स्पंज आयर्नच्या भट्टीतला धूर ओढणारा आयडी फॅन आहे. मिनिटाला ९६० फेरे, म्हणजे सेकंदाला १६. पात्यावर एकाच बाजूला धूळ धरली की फाउंडेशनजवळ उभं राहणाऱ्याच्या तळपायाला ते आधी कळतं, मीटरला मागाहून. हे बळ उभ्या दिशेला साइनने दिलंस तर आडव्या दिशेला कोसाइनने दे, तरच ते फिरेल.

बळ वेळेनुसार तक्त्यात भरणार असशील तर दोन बिंदूंमध्ये सॉफ्टवेअर सरळ रेघच ओढतं हे ध्यानात ठेव. चार बिंदूंत लाट होत नाही, करवतीचे दाते होतात. सूत्र लिहिणार असशील तर कोन अंशांत आहे की रेडियनमध्ये, ते आधी बघ. अंशांत असेल तर सेकंदांना ३६० गुणिले १६ ने गुणायचं.

माझी फजिती ऐक. नवा होतो, बळ फक्त उभ्या दिशेला दिलेलं, आणि टाइम स्टेप घेतली ०.०६२५ सेकंद. नेमका एक फेरा! सॉल्व्हर बळ बघायला यायचा तो दर वेळी साइन शून्यावर असतानाच. पंखा फिरतोय आणि फाउंडेशन ढिम्म! मी खूश होऊन रिपोर्ट दिला. साहेब एवढंच म्हणाले, "बळ गेलं कुठं?" तेव्हापासून एका फेऱ्यात निदान २० पायऱ्या घेतो, म्हणजे एक पायरी साधारण ०.००३ सेकंदांची.

आणि हे मॉडेल स्टॅटिकमध्ये चालवू नकोस. तिथला 'टाइम' नुसता मोजणीचा आकडा, जडत्व हिशेबातच नसतं. ट्रान्झियंट घे, डॅम्पिंग दे. सुरुवातीचा धक्का विरला की मगच आकडे वाच.

दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये, तुला फॅनपाशी उभा करतो. तोवर दोन्ही दिशांची सूत्रं दुरुस्त करून रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका