पनवेलहून वसई-सोपारा : जुन्या ख्रिस्ती खुणांची एक दिवसाची सहल

पनवेलच्या वाचनालयातले, महिला मंडळातले किंवा सोसायटीतले पंधरा-वीस जण घेऊन वसईला जाऊ पाहणाऱ्यासाठी ही कृती आहे. वसईचा किल्ला दाखवणं अवघड नाही. पण कोकणात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या जहाजांतूनच आला, हा समज घेऊन मंडळी निघतात आणि बहुधा तोच घेऊन परततात. तो तपासायचा तर ठिकाणं काळाच्या क्रमाने पाहावी लागतात. म्हणजे आधी सोपारा, मग किल्ला, शेवटी पापडीचं आजचं चर्च. हा क्रम गाड्यांच्या सोयीचाही आहे.

पूर्वतयारी

१. नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधला शनिवार धरा. पावसाळ्यात किल्ल्याच्या दगडांवर शेवाळ असतं आणि झाडोऱ्यात पायाखालचं दिसत नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा चालू असतात, तेव्हा पाहुण्यांची वर्दळ बरी दिसत नाही.

२. पापडीच्या चर्चच्या कार्यालयात आठवडाभर आधी फोन करून किती जण, किती वाजता येणार ते कळवा. एखादं लग्न किंवा अंत्यविधी असेल तर ते वेळ बदलून देतील.

३. प्रत्येकाला एक कागद द्या आणि त्यावर तीन रकाने आखायला सांगा : ‘समजतात’, ‘लिहिलेलं आहे’, ‘डोळ्यांनी पाहिलं’. दिवसभरात सांगितलेली प्रत्येक गोष्ट यांपैकी एका रकान्यात गेली पाहिजे. सहलीचं मुख्य साहित्य हेच.

४. सोबत पाणी, टोपी, बंद बूट आणि टॉर्च हवा. किल्ल्याच्या आत खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका. चर्चमध्ये जायचं असल्याने खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालायला सांगा.

कृती

१. सकाळची गाडी पकडा. पनवेलहून दिवा, भिवंडी रोडमार्गे वसई रोडला मेमू जाते. तिच्या फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून जातानाची आणि येतानाची वेळ आदल्या दिवशी तपासा. रस्त्याने जायचं तर घोडबंदर रोडच्या कोंडीसाठी हाताशी एक तास जास्त ठेवा.

२. पहिली गोष्ट गाडीतच सांगा. कोपर सोडल्यावर गाडी उल्हास नदी ओलांडते. याच नदीच्या खाडीवर वरच्या अंगाला कल्याण बंदर होतं. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ नावाच्या बंदरात ख्रिस्ती लोक असल्याचं आणि त्यांचा बिशप इराणात अभिषेक होऊन येत असल्याचं नोंदवलं आहे. हे बंदर म्हणजे आपलं कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. नोंद दुसऱ्या रकान्यात जाते, कल्याणची ओळख पहिल्यात. येशूचा शिष्य बार्थोलोम्यू कल्याणला आला होता, ही परंपराही पहिल्याच रकान्यात लिहायला लावा. इथे कुणी ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारलं, तर सहल नीट सुरू झाली म्हणायची.

३. वसई रोडला लोकल बदलून नालासोपारा गाठा. पश्चिमेला उतरून रिक्षाने स्तूपाकडे जा. ‘बुरूड राजाचा कोट’ म्हटलं तर जुन्या लोकांना पटकन कळतं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी या टेकाडात उत्खनन केलं आणि बौद्ध स्तूप उजेडात आला. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही मिळाले आहेत. इतकं सांगून प्राचीन शूर्पारकाचं, म्हणजे सोपाऱ्याचं, वय ठरवा आणि मूळ विषयाकडे वळा.

इथे ख्रिस्ती खूण कुठली, असं लोक विचारतील. दाखवण्याजोगी एकही नाही, हे सरळ सांगा. मग १३२१ सालची हकिगत सांगा. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला उतरले : तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. ते ठाण्यातल्या एका नेस्टोरियन, म्हणजे इराणी परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले. काजीपुढच्या धर्मचर्चेतून वाद पेटला आणि एप्रिल महिन्यात चौघेही मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला फ्रेंच डोमिनिकन साधू जॉर्डेनस तेव्हा दुसरीकडे गेला होता. परतल्यावर त्याने मृतदेह सोपाऱ्यात आणून पुरले. ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचंही त्याने पत्रात लिहून ठेवलं आहे. पुढे १३२९ मध्ये त्याची कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक झाली.

वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. म्हणजे त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती घरं होती आणि परक्या साधूंना तिथे आसरा मिळत होता. हा हिशेब ज्याचा त्याला करू द्या. स्तूपापाशी पाऊण तास पुरे.

४. साडेदहा-अकराच्या सुमाराला वसई किल्ल्यात पोहोचा. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे हा किल्ला त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चं मुख्य ठाणं झाला. तटाच्या आत एक अख्खं शहर होतं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या चारही संघांनी आपापली चर्चं आणि मठ उभारले. सगळे अवशेष एका सकाळीत दाखवायच्या फंदात पडू नका. पुढची तीन नीट दाखवा.

*संत जोसेफचं चर्च.* हे समुद्राकडच्या दरवाजाजवळ आहे आणि उंच मनोऱ्यामुळे लांबूनच ओळखू येतं. १६०१ मध्ये याची पुनर्बांधणी झाली, आणि तसं सांगणाऱ्या शिलालेखात गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांचं नाव आहे. या नावाशी थांबाच. दोनच वर्षं आधी, १५९९ मध्ये, याच मेनेझिसनी केरळात उदयमपेरूरची धर्मसभा भरवून तिथल्या इराणी परंपरेच्या ख्रिस्ती लोकांना रोमच्या शिस्तीखाली आणलं आणि त्यांचे सिरियाक ग्रंथ जाळायला लावले. सकाळी सोपाऱ्यात ऐकलेली परंपरा आणि समोरचा मनोरा यांचा संबंध इथे लागतो. मनोऱ्यातला गोल जिना अरुंद आणि अंधारा आहे. वर जायची वाट खुली असेल तरच आणि पाच-सहा जणांनाच एका वेळी सोडा.

मनोऱ्यातली घंटा कुठे गेली, हा प्रश्न हमखास येतो. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मोहिमेतल्या घंटा मराठी मुलखात गेल्या. वाईजवळच्या मेणवलीला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या पाहायला मिळतात. त्यांतली एखादी बऱ्याच जणांनी पाहिलेली असते, म्हणून ती त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

*जेझुइटांचं चर्च.* दर्शनी भागावरचे कोरीव खांब आधी दाखवा. गोन्सालो गार्सियाची गोष्ट इथे सांगावी. पोर्तुगीज बाप आणि इथलीच आई असलेला हा वसईचा मुलगा जेझुइटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, काही काळ व्यापारात रमला आणि मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. शिकला जेझुइटांकडे, गेला फ्रान्सिस्कन म्हणून, एवढा फरक मार्गदर्शकाने चुकवू नये.

*फ्रान्सिस्कनांचं चर्च.* इथे जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर पाय न देता कडेने चालायला सांगा. पोर्तुगीज येत नसलं तरी साल आणि घराण्याची चिन्हं ओळखता येतात. ज्याला जे दिसेल ते त्याने तिसऱ्या रकान्यात लिहावं.

५. अवघड प्रश्न टाळू नका. देवळं पाडली का, बळजबरी झाली का, असं कुणीतरी विचारणारच. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली गेली आणि १५६० पासून गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, धाक होता, हे स्पष्ट सांगा. मात्र हा प्रश्न दुपारी भेटणाऱ्या पापडीच्या माणसांपुढे ठेवायचा नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या राजवटीचा जाब त्यांनी का द्यावा?

६. जेवून दुपारी पापडीला जा. अवर लेडी ऑफ ग्रेस हे चर्च १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत स्थापन झाल्यापासून त्याचं कॅथेड्रल आहे. आत मोबाइल बंद ठेवा आणि परवानगीशिवाय फोटो काढू नका. वेदीच्या पायऱ्यांपाशी थांबून मागे वळा. फादर किंवा चर्चचं कुणी भेटलं तर त्यांनाच बोलू द्या, तुम्ही गप्प बसा. इथली उपासना मराठीत चालते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेला वाट दिली, त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. हरित वसईचं आंदोलन उभं करणारे आणि ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

७. चारनंतर अर्धा तास मोकळा सोडा. गल्ल्यांतले क्रूस, वाडीतल्या विहिरी पाहत फिरू द्या. हंगाम असेल तर वसईची सुकेळी विकत घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली असतात आणि प्रवासात टिकतात.

८. परतीच्या गाडीत कागद वाचून घ्या. सोपाऱ्याचं जवळजवळ सगळं दुसऱ्या रकान्यात आणि किल्ल्याचं तिसऱ्यात गेलेलं दिसेल. तिसरा रकाना भरलेला असला की तोच इतिहास सर्वांत जुना, असं वाटू लागतं. हे मंडळींच्याच तोंडून निघेपर्यंत वाट पाहा. कुणाच्या कागदावर ‘समजतात’चा रकाना कोरा असेल, तर सकाळी गाडीत तुम्ही घाईने बोललात असं समजा आणि पुढच्या खेपेला कल्याणच्या गोष्टीला दहा मिनिटं जास्त द्या.

वेळ कमी असल्यास : पापडी आणि जेझुइटांचं चर्च ठेवा, किल्ल्यातलं बाकीचं गाळा. सोपारा मात्र गाळू नका.