पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी

प्रश्न : बाजारातून समुद्राच्या चिंबोऱ्या आणल्या. साफ करताना एकीच्या पोटाखाली काळपट दाण्यांचा गोळा दिसला. घरचे म्हणाले, माल सडका आहे. मला तर गाभण जीव मारल्यासारखं वाटलं, घास उतरेना. आमचं चुकलं का?
(एक गृहिणी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : माल सडका नव्हता. खेकड्याची मादी अंडी पोटाशी दुमडलेल्या झाकणाखाली, केसाळ उपांगांना चिकटवून सांभाळते. सुरुवातीला ती पिवळी-नारिंगी असतात. आत पिल्लांचे डोळे तयार होऊ लागले की काळपट दिसतात. म्हणजे ती अंडी फुटण्याच्या बेतात होती. कवचाच्या आत मिळणारी तांबूस लाख वेगळी. ती अंडाशयाची (अंडी तयार होण्याच्या अवयवाची).

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती मादी कोल्हापुरात पोहोचली तेव्हाच तिची परतीची वाट बंद झाली होती. उपाय बोटीवर व्हायला हवा : अंडीवाली मादी जाळ्यात येताच पाण्यात सोडणे. एका मादीजवळ लाखो अंडी असतात, पण त्यांतून निघणाऱ्या झोइया (तरंगत्या सूक्ष्म डिंभक) अवस्थेतून फारच थोडी पिल्ले तगतात. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. ती मोलाची आहे, पण सगळ्या माद्या याच दोन महिन्यांत अंडी घालत नाहीत. मुंबईच्या समुद्रातली चपट्या अंगाची शेवंड (थेनस) ट्रॉलरच्या जाळ्यांत, अंडीवाल्या माद्यांसकट, वर्षानुवर्षे उपसली गेली आणि १९९४च्या सुमारास तिची मासेमारीच संपली. एवढे उदाहरण पुरेसे आहे. विक्रेत्याला सांगा, 'अंडीवाली नको.' मागणी घटली की बोटीपर्यंत निरोप जातो.

प्रश्न : अमावास्येला खेकडे भरलेले, पौर्णिमेला पोकळ म्हणतात. परवा पोकळ निघाले. रोगट तर नव्हते ना? मुलांनीही खाल्लेत.
(एक वाचक, राधानगरी)

उत्तर : पोकळपणा हे रोगाचे लक्षण नाही. कठीण कवच वाढत नाही, म्हणून खेकडा ते टाकून नवे धारण करतो आणि त्या वेळी अंगात पाणी भरून घेतो. मांस भरायला पुढे काही आठवडे लागतात. सगळे खेकडे एकाच तिथीला कात टाकत नाहीत. घेताना पोटाकडून दाबून पाहा. कवच दबले तर कात नुकतीच टाकलेली आहे.

प्रश्न : नातवाचा खोकला जाईना म्हणून ओढ्यातल्या खेकड्यांचा कच्चा रस दोनदा पाजला. आता कुणी म्हणतं, त्यात जंत असतात. झोप उडाली आहे.
(एक आजी, गगनबावडा)

उत्तर : आजी, तुम्ही मायेनेच दिलात. पण गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुप्फुसकृमीचे (पॅरागोनिमसचे) डिंभक असू शकतात. भारतात याचे रुग्ण मुख्यतः ईशान्येकडे आढळले आहेत, त्यामुळे नातवाला लागण झालीच असेल असे नाही. मात्र झाली तर लांबलेला खोकला, छातीत दुखणे, तांबूस थुंकी अशी लक्षणे क्षयासारखीच दिसतात आणि निदान चुकते. खोकला मुळातच लांबला आहे, म्हणून याच आठवड्यात त्याला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा छातीरोगतज्ज्ञांकडे न्या आणि कच्च्या रसाचे न लाजता सांगा. थुंकी व रक्ताची तपासणी त्यावरूनच ठरेल. या कृमीवर प्रभावी औषध आहे. नीट शिजवलेल्या खेकड्यातून ही लागण होत नाही. कच्चा रस मात्र पुन्हा देऊ नका.