सेंटर हाफ बिली मॅकनील

फुटबॉलच्या मैदानावर टाळ्या बहुधा गोल करणाऱ्याच्या वांट्यास येतात. जो गोल होऊं देत नाहीं त्याची आठवण तो चुकला म्हणजेच होते. अशा उपेक्षित जागीं उभें राहून ज्यांनीं मोठी कीर्ति मिळविली, त्या स्कॉटलंडच्या बिली मॅकनील यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अभ्यासण्यासारखें आहे.

मॅकनील यांचा जन्म ता. २ मार्च १९४० रोजीं ग्लासगो शहराजवळील बेल्सहिल या गांवीं झाला. १९५७ सालीं ग्लासगोच्या सेल्टिक संघानें त्यांना आपल्याकडे घेतलें. १९७५ सालीं खेळ सोडीपर्यंत ते त्याच संघांत राहिले व त्याच्यातर्फे ७९० सामने खेळले.

त्यांची जागा सेंटर हाफची. बचाव फळीच्या मध्यभागीं उभें राहावयाचें, प्रतिपक्षाच्या आघाडीच्या गड्यास अडवावयाचें आणि गोलाकडे उंचावरून येणारा चेंडू उडी घेऊन डोक्यानें परतवावयाचा, हें त्याचें मुख्य काम. त्याकरितां उंची व धैर्य यांच्याइतकेंच, चेंडू कोठें पडणार हें आधीं ओळखण्याचें चातुर्य लागतें.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघांतून त्यांचा पहिला सामना १९६१ च्या एप्रिलमध्यें लंडन येथील वेंब्ली मैदानावर झाला. त्या दिवशीं इंग्लंडनें स्कॉटलंडचा ९-३ असा धुव्वा उडविला. एकवीस वर्षांच्या बचावपटूस यापरतें कटु स्वागत तें कोणतें! परंतु मॅकनील खचले नाहींत. पुढें ते देशातर्फे एकंदर २९ सामने खेळले.

सेल्टिक संघासहि ते दिवस पडतीचे होते. १९५७ नंतर सात वर्षें त्याला एकहि मोठा चषक मिळाला नव्हता. १९६५ च्या मार्चमध्यें, पूर्वीं कोळशाच्या खाणींत राबलेले जॉक स्टीन हे संघाचे व्यवस्थापक झाले. पुढच्याच महिन्यांत स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यांत डनफर्मलिन संघाशीं २-२ अशी बरोबरी असतां, कॉर्नरवरून आलेला चेंडू मॅकनील यांनीं डोक्यानें गोलांत घातला आणि चषक जिंकला. तेथून संघाचें दैव पालटलें. १९६६ ते १९७४ पर्यंत सलग नऊ वर्षें सेल्टिकनें स्कॉटलंडची साखळी स्पर्धा जिंकली.

कळसाचा दिवस ता. २५ मे १९६७ हा होय. लिस्बन येथें युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यांत इटलीच्या इंटर मिलान संघानें आरंभींच पेनल्टीवर गोल केला. सेल्टिकनें उत्तरार्धांत दोन गोल करून २-१ असा विजय मिळविला. हा चषक जिंकणारा तो पहिला ब्रिटिश संघ. त्यांतील अकराहि खेळाडू ग्लासगोच्या सुमारें तीस मैलांच्या टापूंत जन्मलेले होते. चषक उंचावणारे कप्तान अर्थात् मॅकनील. पुढें ते दोनदां सेल्टिकचे व्यवस्थापक झाले. १९८८ सालीं, संघाच्या शताब्दीच्या हंगामांत, त्यांच्या देखरेखीखालीं साखळी स्पर्धा व स्कॉटिश चषक दोन्ही सेल्टिककडे आलीं.

उत्तर आयुष्यांत मात्र या तल्लख पुरुषास स्मृतिभ्रंशानें ग्रासलें. २०१७ सालीं कुटुंबीयांनीं तें जाहीर केलें आणि ता. २२ एप्रिल २०१९ रोजीं ते निवर्तले. एका व्यक्तीच्या आजाराचें कारण अमुकच, असें निश्चयानें सांगतां येत नाहीं. तथापि त्याच वर्षीं ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनीं ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासून दाखविलें कीं, मेंदूच्या अशा विकारांनीं येणारा मृत्यु त्यांच्यांत इतरांच्या सुमारें साडेतीन पट आढळतो. २०२१ सालीं झालेल्या पुढील अभ्यासांत हा धोका बचावपटूंस सर्वांत अधिक, तर गोलरक्षकांस सामान्य लोकांहून फारसा निराळा नाहीं, असें दिसलें. डोक्यावर वारंवार चेंडू घेण्याकडे यामुळें संशयाचें बोट वळलें. २०२० सालीं स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेनें प्राथमिक वयाच्या मुलांना सरावांत हेड मारण्याची मनाई केली.

यावरून पालकांनीं मुलांचा खेळच बंद करावा, असें मात्र नव्हे. त्याच अभ्यासांत खेळाडूंमध्यें हृदयविकारानें व फुप्फुसाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु कमी आढळले आहेत. लहान मुलांकडून हेड मारण्याचा सराव करवूं नये आणि डोक्यास मार लागून घेरी आली, तर मुलास त्या दिवशीं पुनः मैदानांत धाडूं नये, एवढें पथ्य पाळावें.

विद्यार्थ्यांनीं घ्यावयाचा धडा निराळा. नऊ गोलांच्या पराभवानंतर पुन्हां आपल्या जागीं उभें राहणें हें अवघड आहे. परंतु जो तें करूं शकतो, त्याच्याच हातीं पुढें संघाचें नेतृत्व सोंपविलें जातें.