औषध की विष?

सातपुड्याच्या दक्षिणेस आणि तापी नदीच्या उत्तरेस काळ्या, कसदार जमिनीचा एक पट्टा पसरला आहे. जळगाव जिल्ह्यातील सावदा हे गाव याच पट्ट्यात वसले आहे. गावाभोवती केळीच्या बागा आहेत आणि येथील केळी दूर उत्तर भारतातील बाजारपेठांपर्यंत जातात. या पिकावर करपा रोग पडतो. मावा नावाची बारीक कीड एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाला लावते. वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत वाया जाऊ नये, म्हणून शेतकरी बागेत फवारणी करतो. काम आटोपले, की उरलेला डबा पुष्कळदा त्याच्याबरोबर घरी येतो.

घरातही अशा वस्तू असतातच. डास, ढेकूण, झुरळे, उंदीर यांच्या नाशासाठी वड्या, भुकट्या आणि द्रव पदार्थ आणलेले असतात. या सर्वांना आपल्या बोलीत एकच नाव आहे, ते म्हणजे ‘औषध’. उंदराचे औषध, ढेकणाचे औषध, फवारणीचे औषध, असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्या शब्दाने आजाऱ्याला धीर येतो, त्याच शब्दाने विषाची ओळख करून दिली, तर माणूस बेसावध होतो. मग खोकल्याचे औषध आणि ढेकणाचे औषध एकाच फळीवर जाऊन बसते. अंधारात चाचपडणाऱ्या हाताला त्यांतला भेद कळत नाही.

हा भेद ओळखण्याची किंमत आपल्या देशाने फार मोठी दिली आहे. १९५८ साली केरळ राज्यात आणि शेजारच्या मद्रास राज्यात पीठ खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. वाहतुकीत पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक खाद्यपदार्थांच्या सान्निध्यात ठेवले गेले होते आणि सांडलेले विष पिठात मिसळले होते. या दुर्घटनेची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने केली. पुढे १९६८ साली संसदेने कीटकनाशक अधिनियम संमत केला आणि १९७१ साली त्याखालील नियम तयार झाले. कीटकनाशकाची वाहतूक किंवा साठवण करताना त्याचा अन्नाशी व गुरांच्या चाऱ्याशी स्पर्श होता कामा नये, असे हे नियम सांगतात.

या नियमांनी प्रत्येक डब्यावर एक खूण सक्तीची केली आहे. कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द असतो आणि खालचा त्रिकोण रंगाने भरलेला असतो. तांबडा रंग म्हणजे अत्यंत जहाल विष. त्यावर कवटी व हाडांचे चित्रही असते. पिवळा रंग म्हणजे त्याहून कमी, तरीही तीव्र विष. या दोहोंवर ‘विष’ हा इशारा लाल अक्षरांत असतो. निळा रंग मध्यम विषाचा. त्यावर ‘धोका’ असा इशारा असतो. हिरवा रंग सौम्य विषाचा. त्यावर ‘सावधान’ असा इशारा असतो. मात्र हिरवा रंग पाहून कोणी निर्धास्त होऊ नये. चारही रंग विषाचेच आहेत. भेद आहे तो केवळ तीव्रतेचा.

डबा रिकामा झाला म्हणजे धोका संपला, असेही नाही. वापरलेले डबे उघड्यावर टाकू नयेत. ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असा नियम आहे. हा नियम मोडल्यास काय घडते, ते बिहारमधील एका खेड्याने अनुभवले आहे. सारण जिल्ह्यातील गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील दुपारचे जेवण जेवून २३ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात तेल ठेवल्याने हे घडले असावे, असे तपासात पुढे आले. चांगला दिसणारा डबा टाकवत नाही, ही आपल्या घरांतील काटकसरीची रीत आहे. काटकसर हा सद्गुण खरा, परंतु या एका ठिकाणी ती प्राणघातक ठरते.

विष कसे हाताळावे, हे कायदा सांगतो. पण ते मुळात हवेच का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावयाचा असतो. कॅनडा देशातील हडसन नावाच्या लहानशा गावाने तो विचारला. तेथील लोक घरापुढील हिरवळ एकसारखी दिसावी म्हणून तिच्यावर कीटकनाशके व तणनाशके फवारीत असत. जून अर्विन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी नगरसभेपुढे हा विषय पुनःपुन्हा मांडला. १९९१ साली गावाने नियम केला, की केवळ शोभेसाठी विष फवारावयाचे नाही. फवारणीचा धंदा करणाऱ्या दोन कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. २००१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला.

केळीची बाग ही शोभेची हिरवळ नव्हे. तिच्यावर कुटुंबाचे पोट अवलंबून असते. म्हणून तेथे फवारणी एका दिवसात बंद करा, असे कोणी शेतकऱ्याला सांगू शकणार नाही. जाणकारांच्या सल्ल्याने, मोजून आणि तोंडाला व हातांना संरक्षण घेऊन ती करावी, हेच सांगणे योग्य होय. ही काळजी घेतली गेली नाही, तर काय होते, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसून आले. तेथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले.

घर आणि अंगण यांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे विषावाचून होण्याजोगे पुष्कळ आहे. डासाच्या अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळून रांजण, टाक्या व कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून घासल्या, तर डास जन्मासच येत नाही. ज्या हौदातील पाणी काढता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. ते डासांच्या अळ्या खातात. धान्य कडक उन्हात वाळवून त्यात कडुनिंबाचा सुका पाला घालण्याची रीत आपल्या आज्यांना ठाऊक होती. परसातील भाजीवर निंबोळीचा अर्क फवारता येतो. अर्थात तोही पिण्याचा पदार्थ नव्हे. तोही झाकून, उंचावर ठेवावा.

अंगणात व शाळेच्या मैदानावर माजणारे गाजरगवत हा दुसरा शत्रू आहे. हे परदेशी तण आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आले आणि पाहता पाहता सर्वत्र पसरले. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. फुले येण्यापूर्वी हातमोजे घालून मोठ्या माणसांनी ते मुळासकट उपटले, तर बी पडत नाही. त्याची पाने खाणारे भुंगेरे १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणले गेले, आणि आज ते अनेक ठिकाणी आपले काम करीत आहेत.

यांत मुलांनी काय करावे? विषाच्या डब्याला त्यांनी हात लावू नये, हे तर उघडच आहे. परंतु त्यांना वाचता येते. डब्यावरील बारीक अक्षरे घरातील वृद्धांना दिसत नाहीत आणि कष्टाने दमलेल्या वडिलांना ती वाचावयास सवड नसते. नियमाप्रमाणे ही माहिती प्रादेशिक भाषेतही छापलेली असते. घरातील मोठ्या माणसाने डबा समोर धरावा आणि मुलाने ती मोठ्याने वाचून दाखवावी. तो डबा अन्नापासून दूर, कुलपात ठेवण्याची आठवण करावी. कोणास विषबाधा झालीच, तर डॉक्टरांकडे जाताना डब्यावरील चिठ्ठी बरोबर नेण्यास सांगावे, म्हणजे नेमका उपचार करणे सोपे जाते. शाळेत शिकलेल्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग क्वचितच होत असेल.

शब्दार्थ
कसदार – सुपीक. सान्निध्य – जवळीक. निर्धास्त – निश्चिंत. परसू – घरामागील मोकळी जागा. सवड – मोकळा वेळ.

स्वाध्याय
१. ‘औषध’ या शब्दामुळे माणूस बेसावध कसा होतो?
२. डब्यावरील चार रंगांचे अर्थ लिहा.
३. काटकसर कोणत्या ठिकाणी प्राणघातक ठरते? का?
४. हडसनची हिरवळ आणि सावद्याची केळीची बाग यांना एकच नियम का लावता येत नाही?
५. आपल्या घरी ‘कोरडा दिवस’ कसा पाळता येईल, ते दहा ओळींत लिहा.