पोरांचा वाफा आणि ताटातली भाजी



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा वाटेल, पण तोही लागवडीचाच आहे.

शिवारफेरीला गेलो की सभासद आग्रहाने जेवायला बसवतात. पुष्कळ घरी एकच चित्र दिसते. दारापर्यंत ऊस उभा आणि भाजी मात्र आठवडे बाजाराची, चार दिवसांत सुकलेली. लहान पोर ताटातली मेथी बाजूला सारते आणि भाकरी चहात बुडवून खाते. आई म्हणते, "साहेब, भाजीचं नाव काढलं की तोंड फिरवतंय बघा." साखर आपल्याच कारखान्याची असली तरी पोराचे अंग तिच्यावर भरत नाही. पालेभाजीतले लोह आणि जीवनसत्त्वे साखरेत नाहीत, हे आम्ही कारखान्याचे असूनही सांगितले पाहिजे.

आमच्या घरीही हेच होते. धाकटा पाच वर्षांचा असताना त्याला ताटात हिरवे काही चालत नसे. दटावून पाहिले, गुळाचे आमिष दाखवले. गूळ संपला, भाजी तशीच राहिली. शेवटी त्याला एक वाफा दिला. त्यातून शिकलो ते येथे देत आहोत.

१. वाफा पोराच्या नावाचा

वाफा सहा फूट लांब व तीन फूट रुंद पुरे; पोराचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचतो. जागा घराजवळ, नजरेसमोर असावी. विहीर आणि मोटारीजवळ नको. दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळावे. बी स्वयंपाकघरातलेच घ्यावे, मेथ्या आणि धणे. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करण्याचे काम पोराला द्यावे. बाजारच्या रंगीत बियाण्याला औषध चोळलेले असते, ते त्याच्या हाती देऊ नये.

मेथी चार-पाच दिवसांत वर येते, धण्याला आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस पोर रोज सकाळी वाफ्यावर धावते, "उगवलं का?" म्हणून. मेथी महिन्याभरात काढणीला येते. मुळ्याला दीड महिना लागतो, पण तो उपटण्याची मजा मोठी. उन्हाळ्यात राजगिरा किंवा माठ टाकावा. सगळे बी एकदम न पेरता आठ-आठ दिवसांनी एकेक ओळ पेरावी.

२. तणनाशकापासून लांब

पहिल्या वर्षी आमचीच चूक झाली. वाफा उसाच्या कडेला होता. उसात टू-फोर-डी फवारताना वाऱ्याकडे लक्ष दिले नाही. पोराच्या टोमॅटोची पाने पिळवटली, शेंडे वाकडे झाले. "आण्णा, माझी झाडं आजारी पडली का?" असे त्याने विचारले तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नाही. दुसऱ्यांना सल्ला देणारे आम्ही! सगळी रोपे उपटून टाकली आणि वाफा परसात नेला. म्हणून सांगतो, तणनाशक मारलेल्या सरीत किंवा बांधावर पोरांचा वाफा करू नका. फवारणीचा पंप, बादली, डबा वाफ्याच्या पाण्याला वापरू नका.

३. खिरापत ओळखा

हादग्याला मुली खिरापत ओळखतात, तोच खेळ जेवणाआधी करावा. डब्यात भाजी झाकून ठेवावी. पोराने डोळे मिटून वास घ्यावा, डबा हलवून आवाज ऐकावा आणि नाव सांगावे. ओळखले की पहिला घास त्याचा. भोगीला गाजर, पावटा, हरभऱ्याचे घाटे, वांगी गोळा करायला पोरांनाच टोपली घेऊन पाठवावे. स्वतः आणलेली भाजी ते सहसा नाकारत नाहीत.

४. ताटावर बसल्यावर

पालकाची पुरी, बिटाचे थालीपीठ जरूर करावे, पण भाजी नुसती लपवू नये. लपवलेल्या भाजीशी ओळख होत नाही. नवी भाजी एक घासच वाढावी. आज नको म्हटले तर चार दिवसांनी पुन्हा वाढावी. चव बसायला आठ-दहा वेळाही लागतात. "भाजी खा, मग गोड देतो" असे म्हणू नये. त्याने भाजी म्हणजे शिक्षा ठरते. पालेभाजीवर लिंबू पिळावे, लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा देऊ नये, तो लोह अंगी लागू देत नाही. आणि बापाने स्वतः भाजी बाजूला सारली तर पोराला सांगून उपयोग नाही.

आमच्या धाकट्याने पहिली जुडी स्वतः उपटली, आजीजवळ बसून निवडली आणि त्या रात्री चार घास खाल्ले. कारल्याला तो अजून नाहीच म्हणतो. पण मेथी आता मागून घेतो.

एकरी टनेज वाढवण्यासाठी आपण एवढी धडपड करतो. त्यातली अठरा चौरस फूट जागा पोरांसाठी काढणे जड नाही. येत्या लागणीला सऱ्या पाडाल तेव्हा परसातला हा वाफाही धरा.

आपला,
ऊस विकास अधिकारी