वर्गात शांत, घरी संताप : असे का?

प्रश्न : गेली दोन वर्षे मी रोज सकाळी योगासनांच्या वर्गाला जाते. गुडघेदुखी कमी झाली, झोप सुधारली. वर्ग संपताना डोळे मिटून बसतो, तेव्हा मन अगदी शांत असते. पण घरात पाऊल टाकले की ओट्यावरची खरकटी भांडी दिसतात, कॉलेजला जाणारा मुलगा अजून अंथरुणातच असतो आणि माझा आवाज चढतो. घरातले म्हणतात, 'एवढा योगा करून काय उपयोग?' आता मलाही तसेच वाटू लागले आहे. आमच्या बाई यम-नियमांबद्दल सांगतात. पण ते साधू-संन्याशांसाठी असतात ना? संसारी बाईने ते पाळायचे तरी कसे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, घरच्यांचा प्रश्न बोचरा असला तरी त्यात तथ्य आहे, आणि तुमच्या बाई जिकडे बोट दाखवत आहेत तिथेच त्याचे उत्तर आहे. यम-नियम संन्याशांपुरते नाहीत. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम प्रामुख्याने आपण इतरांशी कसे वागतो याविषयीचे आहेत. म्हणून ज्याला चार माणसांत राहायचे आहे, त्याला त्यांची गरज अधिक.

पतंजलींची योगसूत्रे सारी मिळून १९५, काही पाठांत १९६. त्यांत आसनाबद्दल सलग तीन सूत्रे आहेत आणि एकाही आसनाचे नाव नाही. अष्टांगांत आसन तिसरे. यम आणि नियम त्याच्या आधी येतात. तरी आपले वर्ग आसनांपासून सुरू होतात, कारण ती वाट हठयोगाची आहे. पंधराव्या शतकातल्या 'हठप्रदीपिके'त स्वात्मारामांनी आसनाला हठयोगाचे पहिले अंग म्हटले. पुढे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामांचे शरीरावरचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. योगाकडे आरोग्याच्या अंगाने पाहण्याची दृष्टी त्यातून पक्की झाली. यात वावगे काहीच नाही. गुडघे ठणकत असताना मन आवरणे अवघडच. पण तुमचे गुडघे आता बरे आहेत, तेव्हा पुढचे पाहू.

तुमच्या अडचणीवर नेमके बोट ठेवणारे सूत्र दुसऱ्या पादात आहे, एकतिसावे. यम जेव्हा जात, देश, काळ आणि प्रसंग यांच्या मर्यादेत अडकत नाहीत, तेव्हा ते महाव्रत होतात, असा त्याचा आशय. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात याची उदाहरणे दिली आहेत आणि ती फार बोलकी आहेत. कोळी म्हणतो, मी हिंसा करतो ती फक्त माशांची. ही जातीने बांधलेली अहिंसा. कुणी म्हणतो, तीर्थक्षेत्री मारणार नाही. ही देशाने बांधलेली. कुणी चतुर्दशीला मारत नाही. ही काळाने बांधलेली. आपण संकष्टी आणि श्रावण पाळतो, त्यामुळे हा हिशेब आपल्याला चटकन कळतो.

आता हाच हिशेब स्वतःला लावून बघा. तुमची शांती वर्गाच्या सतरंजीपुरती आणि सकाळच्या त्या तासापुरती आहे. अनोळखी माणसांशी आपण अदबीने बोलतो, दुकानदाराशी नीट बोलतो, फोनवर नणंदेशी गोड बोलतो आणि घरच्या माणसावर खेकसतो, कारण तो कुठे जाणार नाही याची खात्री असते. माझ्या मते संसारी माणसाची सगळ्यात मोठी पळवाट हीच. योग जगण्यात आणायचा म्हणजे ही कुंपणे एकेक करून मागे सरकवायची.

सगळी कुंपणे एकदम पाडा असे कुणीच म्हणत नाही. जैन परंपरेत हेच पाच संकल्प साधूंसाठी महाव्रते आहेत आणि गृहस्थांसाठी अणुव्रते. अणुव्रत म्हणजे झेपेल एवढे व्रत, पण घेतलेले पुरते पाळायचे. आचार्य तुलसींनी १९४९ मध्ये याच आधारावर अणुव्रत आंदोलन सुरू केले. तुम्हीही छोटे व्रत घ्या : वर्गातून घरी आल्यापासून सगळ्यांचा नाश्ता होईपर्यंत वाणीने कुणाला दुखवायचे नाही. एवढेच. अस्तेय, अपरिग्रह सध्या राहू देत.

हे पाळायला घेतले की कळेल, हिंसेला वाटा किती असतात. पतंजली तिचे तीन प्रकार सांगतात : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केल्यावर मनातून मान्य केलेली. मुलावर तुम्ही ओरडलात, हा पहिला प्रकार. 'अहो, जरा तुम्हीच सांगा त्याला' म्हणून वडिलांना पुढे केलेत, हा दुसरा. आणि वडील त्याला फैलावर घेत असताना तुम्ही पोळी लाटता लाटता गप्प राहिलात आणि आतून बरे वाटले, हा तिसरा. तो पकडायला सगळ्यात कठीण, कारण आपण तर काहीच केलेले नसते. सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्याही सूत्रात आहेत. एक शब्द न बोलता भांडी आपटणे यांतल्या कुठल्या पायरीवर बसते, ते तुमचे तुम्ही ठरवा.

मग राग उसळला की करायचे काय? यावर पतंजलींनी प्रतिपक्षभावना सांगितली आहे. हल्ली तिचा अर्थ 'चांगले चांगले विचार करा' असा लावला जातो, तो मला अपुरा वाटतो. खरकट्या भांड्यांकडे बघत प्रेमाचे विचार आणणे जमतही नाही. सूत्रातली सूचना जास्त व्यवहारी आहे : या कृतीचे फळ दुःख आणि अज्ञान आहे आणि ते संपता संपत नाही, हे आठवा. म्हणजे तोंड उघडण्याआधी पुढचा अर्धा तास डोळ्यांसमोर आणायचा. मुलगा धाडकन दार लावणार, न खाता निघून जाणार, तुम्ही दुपारपर्यंत मनात तेच घोळवणार आणि भांडी तशीच राहणार. हे चित्र खरे असते, म्हणून ते रागाला आवर घालते. ते आठवायला एक सावकाश, लांब उच्छ्वास पुरतो, आणि त्यासाठी दोन वर्षांचा तुमचा सराव हाताशी आहेच.

आता एक गोष्ट घरच्यांनी ऐकावी अशी. न रागावणे म्हणजे सगळे काम मुकाट्याने ओढणे नव्हे. नियमांतल्या संतोषाचे नाव घेऊन बायकांना गप्प बसवण्याची आपल्याकडची सवय मला मान्य नाही. इथे सत्य हा यम कामी येतो. जसे पाहिले, ऐकले, अनुमानाने जाणले, तसेच वाणीत यावे आणि ते सर्वांच्या हिताचे असावे, असे भाष्य सांगते. 'तू कधीच काही करत नाहीस' हे वाक्य या कसोटीवर टिकत नाही, कारण काल त्याने गॅस सिलिंडर आत आणून ठेवला होता असे निघू शकते. 'रात्रीची भांडी तशीच आहेत, आणि मला ती एकटीने घासायची नाहीत' हे वाक्य टिकते. ते रात्री जेवणानंतर, सगळे बसलेले असताना सांगा. सकाळच्या घाईत सांगू नका. कामाची वाटणीही तेव्हाच करून घ्या.

आणखी एक सूत्र तुमच्यासाठी सुचवतो : पहिल्या पादातले तेहतिसावे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि वाईट वागणाऱ्याविषयी अलिप्तता ठेवली की चित्त प्रसन्न राहते, असा त्याचा आशय. यातली सुखी माणसाशी मैत्री मला सर्वांत अवघड वाटते. अंथरुणात गाढ झोपलेला मुलगा या घटकेला घरातला सगळ्यात सुखी माणूस आहे. तो उठत नाही याचा राग किती आणि आपल्याला तसे झोपता येत नाही याचा किती, हे एकदा तपासून बघा. त्यातला दुसरा वाटा वेगळा काढता आला, तर उरलेला राग बराच आटोक्यात येईल.

मात्र चिडचिडीबरोबर धडधड, घाम, सततचा थकवा किंवा कशातच मन न रमणे असे काही असेल, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड किंवा पाळी जाण्याच्या काळातले बदल यमांनी बरे होत नाहीत.

वाचायचे असेल, तर कृष्णाजी केशव कोल्हटकर यांचे पातंजल योगदर्शनाचे मराठी विवरण ग्रंथालयात शोधा. ग्रंथ जाडजूड आहे, पण साधनपादातली, म्हणजे दुसऱ्या पादातली, यम-नियमांची सूत्रे तेवढी आधी वाचली तरी चालेल. नाश्त्यापर्यंतचे व्रत महिनाभर पाळा आणि जमले की नाही ते आम्हाला जरूर कळवा.