सुई टोचण्यापूर्वी : अधिवृक्क ग्रंथीतील अनपेक्षित गाठ

कुंभकोणम येथे वाढलेले थोर गणिती श्रीनिवास रामानुजन १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये आजारी पडले. त्यांच्यावर मुख्यतः क्षयरोग समजून उपचार झाले. १९२० साली, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते मद्रास येथे निवर्तले. पुढे १९९४ मध्ये डॉ. डी. ए. बी. यंग यांनी जुन्या नोंदी अभ्यासून, तो विकार यकृतातील अमीबाचा असावा, असे मत मांडले. स्कॅनवर पाहत खोल अवयवात सुई नेऊन पेशी काढण्याची सोय त्या काळी नव्हती.

आज ती आहे. मात्र ती केव्हा वापरू नये, हेही जाणावे लागते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाबतीत हे विशेष खरे. पोटदुखीसाठी सीटी स्कॅन काढावा आणि ध्यानीमनी नसताना तेथे गाठ दिसावी, असे उतारवयात पुष्कळदा घडते. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. गाठ एकसंध असून तिची घनता १० हाऊन्सफील्ड एककांपर्यंतच असेल, तर सुईचे कारणच उरत नाही.

खरा धोका 'फिओक्रोमोसायटोमा' या गाठीचा. तिला सुई लागताच अॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके रक्तात उसळून रक्तदाब एकाएकी भडकतो. प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून सुईआधी रक्तातील वा लघवीतील मेटानेफ्रिनची तपासणी अनिवार्य होय. शिवाय ग्रंथीची साधी गाठ आणि तिचाच कर्करोग यांतील फरक चार पेशींवरून खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा तसा संशय असल्यास सुईऐवजी बहुधा शस्त्रक्रियाच करतात.

मग सुई हवी कोठे? फुप्फुसाचा वा अन्य कर्करोग येथवर पसरल्याची शंका असेल आणि निकालावर उपचार ठरणार असतील, तेथे. आपल्या देशात दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे : दोन्ही ग्रंथी सुजलेल्या, वजन घटलेले, त्वचा काळवंडलेली, रक्तदाब उतरलेला. लंडनच्या थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिलेले हेच ते चित्र. मागे क्षयरोग असू शकतो, तसेच 'हिस्टोप्लाझ्मा' ही बुरशीही. स्कॅनवर दोन्ही सारखेच दिसतात. काचपट्टीवर रंग चढवला, की पेशींच्या पोटात दोन ते चार मायक्रॉनचे बुरशीकण ओळखू येतात.

हा भेद केवळ नावाचा नाही. बुरशीवर क्षयरोगाची औषधे चालत नाहीत. उलट त्यांतील रिफाम्पिसिन शरीरातील कॉर्टिसॉल लवकर संपवते आणि आधीच दुबळ्या ग्रंथींचा रुग्ण अकस्मात कोसळू शकतो. निदान कोणतेही ठरो, कॉर्टिसॉल कमी आढळल्यास हायड्रोकॉर्टिसोन प्रथम सुरू करतात, आणि रिफाम्पिसिन देताना त्याची मात्रा वाढवावी लागते.